शिक्षक माझ्या मुलाशी वंशावरून दुजाभाव करतात का? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल शाळेतून तोंड पाडून येतं, एखादं वाक्य बोलतं आणि गप्प होतं. मग आईबापांच्या डोक्यात भुंगा सुरू होतो: बाई याच्याशीच अशा का वागतात? रंगामुळे? नावामुळे? की यानेच काही केलंय? या विषयावर पालक जे प्रश्न हमखास विचारतात, ते खाली घेतले आहेत.

हा खरंच वंशभेद आहे, की मलाच उगाच तसं वाटतंय?

दोन्ही शक्य आहे, आणि पहिल्या आठवड्यात याचा निकाल लागत नाही. शिक्षकाच्या मनात काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. बऱ्याचदा ते त्याचं त्यालाही धड ठाऊक नसतं. दिसतं ते वागणं. म्हणून प्रश्न जरा फिरवून विचारा: माझ्या मुलाच्या जागी वर्गातलं दुसरं मूल असतं, तर हेच घडलं असतं का? चूक तीच, गृहपाठ तसाच, तरी शिक्षा वेगळी किंवा शेरा वेगळा, असं परत परत दिसत असेल तर शंकेला आधार आहे. सगळ्यांवरच खेकसणाऱ्या बाई तुमच्याही मुलावर खेकसल्या, तर तेही तक्रार करण्यासारखं आहेच, पण ती तक्रार वेगळी.

मात्र 'आपलाच स्वभाव संशयी' म्हणून शंका झटकून टाकू नका. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली बालवाडीच्या शिक्षकांना मुलांचे छोटे छोटे व्हिडिओ दाखवले. कोण खोडी काढेल असं वाटतं त्यावर लक्ष ठेवा, एवढंच सांगितलं. व्हिडिओत खोडी कोणीच काढत नव्हतं. शिक्षकांची नजर कुठे जाते ते यंत्र टिपत होतं, आणि ती जास्त वेळ काळ्या मुलांवर, त्यातही मुलग्यांवर जात होती. हे शिक्षक कोणी दुष्ट नव्हते, त्यांत गोरे होते तसे काळेही होते. पण ज्याच्यावर डोळा असतो त्याचीच चूक आधी सापडते. शेजारच्या बाकावरचा तोच उद्योग करून सुटतो, कारण तिकडे कोणी बघतच नव्हतं.

याचे परिणाम मोठ्या आकड्यांतही उमटतात. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखा-तपासणी कार्यालयाने २०१८ साली अहवाल दिला. त्यानुसार सरकारी शाळांत काळी मुलं सुमारे १५.५ टक्के होती, पण सस्पेंड झालेल्या मुलांत त्यांचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. हा आकडा तुमच्या मुलाच्या शिक्षकाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तुमची शंका हवेतून आलेली नाही, इतकंच तो सांगतो.

नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं?

उघड अपशब्द क्वचितच ऐकू येतात, आणि आले तर हे पान वाचत बसण्याची गरज नाही, सरळ मुख्याध्यापकांकडे जा. बाकीचं सगळं बारीकसारीक असतं.

शिक्षेत बघायचं असेल तर कारणाचे शब्द बघा. 'काच फोडली', 'गृहपाठ आणला नाही' या गोष्टी कोणालाही तपासता येतात. 'उद्धटपणे बघितलं', 'सूर बरोबर नव्हता', 'वर्गाचं वातावरण बिघडवलं' हे सगळं बघणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि दुजाभावाला शिरायला जागा मिळते ती इथेच. तुमच्या मुलाच्या नावावर अशाच शेऱ्यांची रांग लागली असेल तर ते नुसतं वाचून सोडू नका. दरवेळी विचारा: उद्धटपणा म्हणजे नेमकं काय केलं? काय म्हणाला?

दुसरी गोष्ट दुसऱ्या चुकीची. स्टॅनफर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ गैरवर्तनांची नोंद वाचायला दिली; काहींच्या कागदावर गोऱ्या मुलाचं वाटेल असं नाव, काहींच्या कागदावर काळ्या मुलाचं वाटेल असं. पहिल्या चुकीवर दोन्ही गटांची प्रतिक्रिया साधारण सारखीच होती. दुसऱ्या चुकीला मात्र काळ्या वाटणाऱ्या नावाच्या मुलाला जास्त कडक शिक्षा हवी, याचा हा स्वभावच दिसतो, असा सूर निघाला. एका मुलाच्या दोन चुका या दोन चुका राहतात आणि दुसऱ्याच्या दोन चुकांवरून त्याची जन्मपत्रिका मांडली जाते. शाळेतून 'हे नेहमीचंच आहे' असं ऐकू आलं की हा प्रयोग आठवा आणि 'नेहमीचं म्हणजे किती वेळा, कोणकोणत्या तारखांना?' असं विचारा.

तिसरी गोष्ट अपेक्षांची, आणि ही ओळखायला सगळ्यात अवघड, कारण ती गोड असते. बाई प्रेमळ आहेत, मुलाला कधी रागावत नाहीत, अर्धवट निबंधावरही 'छान' लिहितात. इतरांच्या निबंधावर मात्र लाल शाईने भरभरून सूचना. मुलाला सोपे प्रश्न विचारले जातात, उत्तर द्यायला जरा अडखळला की लगेच पुढच्याकडे वळतात. याला कोणी अन्याय म्हणत नाही, पण वर्षाअखेरीस मूल मागे पडलेलं असतं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग याच विषयावरचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि 'ही यंदा पुढे झेपावणार' असं शिक्षकांना सांगितलं. वर्षाने पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीत जास्त प्रगती दिसली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली. नंतरच्या अभ्यासांनी असा परिणाम एकंदरीत लहान असतो, पण ज्यांना समाज आधीच कमी लेखतो त्यांच्या बाबतीत तो मोठा असू शकतो, असं दाखवलं. आपल्याला तेवढं पुरे.

आणि नाव. पहिल्या आठवड्यात उच्चार चुकला तर तो अनोळखीपणा. सहा महिन्यांनंतरही 'तुझं नाव फारच अवघड बाई' म्हणत वर्गासमोर हसणं, किंवा परवानगीशिवाय नावाचं शेपूट कापून टाकणं, हा अनोळखीपणा नव्हे. तसंच भूगोलात वा इतिहासात काही आलं की दरवेळी एकाच मुलाकडे वळून 'तुमच्या लोकांत कसं असतं सांग बरं' म्हणणं. नऊ वर्षांच्या मुलाला अख्ख्या समाजाचा वकील करून उभं करायचं, हेतू कितीही चांगला असला तरी!

एकाच प्रसंगावरून काही ठरवता येतं का?

वंशावरून अपशब्द, अंगावर हात, वर्गासमोर अपमान: हो, एक पुरे. बाकी प्रसंगांत नाही. नोंद करा आणि थांबा, पण फार नाही. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट होऊ लागतं. वर्ष संपेपर्यंत वाट बघणाऱ्या पालकांना जूनमध्ये एवढंच उत्तर मिळतं की आता तर वर्ग बदललाच.

मुलाकडून खरं काय ते कसं काढून घ्यायचं?

'बाई तुझ्याशी वाईट वागतात का?' असं विचारलंत की मूल हो म्हणणार, कारण तुम्हाला हो ऐकायचंय हे त्याला दिसतं. 'आज तास कसा झाला? मग काय झालं? अजून कोण होतं तिथे? त्यांना काय म्हणाल्या?' एवढ्यावर राहा. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. डोळे मोठे करायचे नाहीत. तुमचा तिळपापड झालेला दिसला की मूल पुढच्या वेळी सांगणार नाही, किंवा रंगवून सांगेल.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्यावर अन्याय झाला हे बरोबर कळतं, तो कशामुळे झाला असावा हे मात्र ते सांगू शकत नाही. ती समज साधारण दहा वर्षांपर्यंत हळूहळू येते. म्हणून लहान मुलाला 'का' विचारू नका, 'काय' विचारा. किशोरवयीन मुलांचं उलटं असतं: त्यांना कारण पक्कं ठाऊक असतं आणि तुम्ही शाळेत येऊ नये असं वाटत असतं. त्यांच्याशी आधी ठरवा की तुम्ही काय बोलणार, कोणाशी बोलणार. त्यांच्या पाठीमागे जाऊन भेट घेतलीत तर शाळेवरचा राग तुमच्यावर निघेल.

मुलाला 'हा वंशभेद आहे' असं सांगावं का?

तुम्हालाच खात्री नसेल तर सांगू नये. 'बाई वाईट आहेत' असं तर मुळीच नको, उद्या सकाळी त्याच वर्गात त्याला बसायचंय. पण विषय टाळूही नका. मुलं रंग, चेहरेपट्टी, बोलण्याचा ढंग हे फार लहानपणापासून टिपतात, आणि मोठी माणसं गप्प बसली की आपल्यातच काही खोट आहे असा अर्थ लावतात. 'काही माणसं रंगावरून किंवा नावावरून दुसऱ्याबद्दल आधीच मत करून बसतात. ती चूक त्यांची असते. तुझ्या बाबतीत तसं झालं का ते आम्ही बघतोय,' एवढं आठ वर्षांच्या मुलाला समजतं आणि पुरतं.

नोंद कशी ठेवायची?

साधी वही चालते. तारीख, तास, काय घडलं, शब्द जसेच्या तसे, तिथे कोण होतं, इतरांना काय केलं. उदाहरणार्थ:

'मंगळवार, तिसरा तास, विज्ञान. गटात तिघी बोलत होत्या. बाईंनी फक्त आमच्या मुलीला उठवून दाराशी बसवलं, तास संपेपर्यंत. बाकी दोघी जागेवरच. बाईंचे शब्द, मुलीने सांगितले तसे: "तुमच्या घरी असंच चालत असेल." मुलीने त्याच संध्याकाळी सांगितलं.'

यात 'बाईंना आपल्या लोकांचा तिटकारा आहे' असं कुठेही नाही, आणि म्हणूनच ही नोंद वजनदार आहे. मत लिहायची इच्छा झाली तर दुसऱ्या पानावर लिहा. त्याचबरोबर तपासलेल्या वह्या, पेपर, शाळेचे मेसेज जपून ठेवा. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: आज असं असं बोलणं झालं, काही राहिलं असेल तर कळवा. तोंडी आश्वासनं हवेत विरतात, हा ईमेल राहतो. आणि हो, जे चांगलं घडलं तेही लिहा. बाईंनी एखाद्या दिवशी मुलीचं कौतुक केलं असेल तर तेही वहीत हवं, नाहीतर तुम्हीच तुमची फसवणूक कराल.

दप्तरात गुपचूप रेकॉर्डर ठेवायचा मोह अनेकांना होतो. ठेवू नका. कुठे एका माणसाच्या संमतीने रेकॉर्डिंग चालतं, कुठे सगळ्यांची लागते, आणि वर्गात इतर मुलांचेही आवाज असतात. तक्रारदार तुम्ही आणि आरोपी तुम्हीच, अशी गत व्हायची.

शिक्षकांशी बोलताना काय बोलायचं, काय टाळायचं?

पहिल्या भेटीत 'वंशभेद' हा शब्द वापरायचा की नाही यावर पालकांत दोन तट आहेत. माझं मत असं: प्रसंग उघड नसेल तर पहिल्या भेटीत वापरू नका. यात भीती किंवा भिडेचा भाग नाही. तो शब्द आला की बोलणं मुलावरून उठतं आणि शिक्षकाच्या चारित्र्यावर जाऊन बसतं. पुढची वीस मिनिटं 'मी तशी नाही' हे ऐकण्यात जातात आणि दाराशी बसवण्याचा विषय तसाच राहतो. तुम्हाला हवंय ते वागणं बदलायला. त्यासाठी मनातलं कबूल करून घ्यायची गरज नाही.

भेट मागणारा मजकूर असा असू शकतो:

'नमस्कार मॅडम, गेल्या तीन आठवड्यांत आमच्या मुलीला चार वेळा दाराशी बसावं लागलं असं ती सांगते. तारखा खाली दिल्या आहेत. प्रत्येक वेळी काय घडलं ते तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. तेव्हा तिच्यासोबत बोलणाऱ्या इतर मुलांना काय सांगितलं गेलं, हेही मला कळायला हवं. या आठवड्यात भेटायला वेळ द्याल का?'

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते कोणावर आरोप करत नाही, पण तुलना टेबलावर ठेवतं. इतर मुलांची नावं आणि माहिती शाळा देणार नाही, द्यायलाही नको. नियम सगळ्यांना सारखा लावला का, याचं उत्तर मात्र द्यायला हवं.

शक्य असेल तर दोघांनी जा. एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहून घ्यावं. शाळेची भाषा तुम्हाला सफाईने येत नसेल तर दुभाषी मागा, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत तर सरकारी शाळांनी पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं बंधनकारक आहे. मुलालाच दुभाषी करून बसवू नका. स्वतःबद्दलची तक्रार आणि बाईंचं उत्तर दोन्ही त्याच्याच तोंडून जायचं, ही त्याला तिसरी शिक्षा होईल.

भेटीतून उठताना दोन गोष्टी हातात हव्यात: पुढे काय वेगळं होणार, आणि आपण परत कधी बोलणार. 'बघू या' हे उत्तर धरू नका.

'मी रंग बघतच नाही, सगळी मुलं मला सारखीच' असं शिक्षक म्हणाले तर?

बहुतेक जण हे मनापासून म्हणतात. वाद घालू नका. 'तसंच असणार, म्हणूनच हे चार प्रसंग एकत्र बघू या,' म्हणा आणि कागद पुढे करा.

माझं मूल खरंच मस्तीखोर आहे. मग मी कोणत्या तोंडाने बोलू?

याच तोंडाने. मुलाने चूक केली आणि त्याला इतरांपेक्षा जास्त शिक्षा झाली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उलट चूक आधीच मान्य केलीत तर तुमचं बोलणं जास्त ऐकलं जातं: 'हा बोलतो, आम्ही घरी समज दिली आहे. पण त्याच दिवशी त्याच गोष्टीसाठी इतरांना नुसती ताकीद आणि याला घरी चिठ्ठी, असं का?' कोणत्या चुकीला कोणती शिक्षा हे शाळेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. भेटीआधी ती वाचून जा, कारण पालकांपैकी ती कोणीच वाचत नाही आणि शाळेला ते ठाऊक असतं.

गुणांमध्ये फरक केला जातोय असं वाटतं. ते कसं तपासायचं?

गणिताच्या पेपरात फार वाव नसतो. निबंध, प्रकल्प, तोंडी परीक्षा, 'वर्गातला सहभाग' इथे बघा. अमेरिकेत २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला: दुसरीतल्या मुलाचा एकच उतारा शिक्षकांना तपासायला दिला, फक्त उताऱ्यात येणाऱ्या भावाचं नाव बदललं, त्यावरून लिहिणारं मूल काळं वाटावं किंवा गोरं. 'इयत्तेच्या मानाने कसं आहे' असं मोघम विचारलं तेव्हा काळ्या वाटणाऱ्या मुलाच्या उताऱ्याला कमी दर्जा मिळाला. मुद्देसूद निकष देऊन तपासायला सांगितलं तेव्हा फरक दिसला नाही. यातून पालकाला थेट वापरता येईल असं एक वाक्य मिळतं: 'गुण कोणत्या निकषांवर दिले ते दाखवाल का?' निकष असतील तर त्यांवर बोला. नसतील तर ते लिहून काढायला सांगणं ही कोणालाही न बोचणारी मागणी आहे आणि फायदा सगळ्या वर्गाचा होतो. नाव झाकून दुसऱ्या शिक्षकाकडून फेरतपासणी मागता आली तर उत्तमच.

भारतातला एक अभ्यास इथे आठवतो, जातीवरचा. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात वगैरे तपशील चिठ्ठ्या टाकल्यासारखे बदलून चिकटवले आणि त्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची मानलेली जात लिहिलेल्या पेपरांना किंचित, पण मोजता येईल इतके कमी गुण पडले. आणि हा पंक्तिप्रपंच मुख्यतः स्वतः त्या जातींतून आलेल्या तपासनिसांकडून झालेला दिसला.

म्हणजे शिक्षक आपल्यातलेच असले तरी असं होऊ शकतं?

होऊ शकतं. पूर्वग्रह हवेत असतो, तो सगळ्यांच्याच नाकात जातो.

हुशार मुलांच्या तुकडीत घेतलं नाही, किंवा भाषा येत नाही म्हणून वेगळ्या वर्गात बसवलं. काय करू?

निवड कशी झाली ते विचारा. शिक्षकाच्या शिफारशीवर चालणारी निवड आणि सगळ्यांची चाचणी घेऊन केलेली निवड यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा काळी, हिस्पॅनिक आणि गरीब घरांतली कितीतरी जास्त मुलं हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी पात्र ठरली. मुलं तीच होती, आधी त्यांचं नाव कोणी सुचवलं नव्हतं. तेव्हा 'शिफारस नाही' हे उत्तर मिळालं तर चाचणी घ्या अशी लेखी मागणी करा.

भाषेच्या वर्गाचंही तसंच: कोणत्या चाचणीवरून, किती दिवसांसाठी, बाहेर पडायचा निकष काय? घरी दुसरी भाषा बोलतात एवढ्यावरून मुलाला भाषा येत नाही असं ठरत नाही.

आमच्या मुलाबद्दल शिक्षकांचं मत चांगलंच आहे: 'ही मुलं गणितात हुशारच असतात.' यात काय बिघडलं?

इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या मुलांचे शिक्षकांनी दिलेले दर्जे आणि नाव न बघता बाहेर तपासलेल्या परीक्षेचे गुण यांची तुलना सायमन बर्जेस आणि एलन ग्रीव्हज यांनी केली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काळ्या कॅरिबियन आणि पाकिस्तानी मुलांना शिक्षक परीक्षेपेक्षा कमी दर्जा देत होते, भारतीय आणि चिनी मुलांना काही वेळा जास्त. आपल्या बाजूने झुकलेला तराजू आपल्याला खटकत नाही, हे आधी मान्य करू या. पण त्याचा भुर्दंड मुलालाही बसतो. ज्याला गणित खरंच जमत नाही, त्याला वेळेवर मदत मिळत नाही, 'आळशीपणा करतोय' असं म्हटलं जातं. वाचनात अडचण असलेलं मूल वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. शांत बसणाऱ्या मुलीला कोणी नाटकात घेत नाही. म्हणून स्तुती समाजाच्या नावाने आली की विनम्रपणे मुलावर आणा: 'ते असू दे, हिचं अपूर्णांकांचं काय?'

तक्रार केली तर बाई मुलावर डूख धरतील का?

ही भीती सगळ्यांना असते आणि ती अगदीच निराधार नाही. पण गप्प राहणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तो मार मुलाला. लेखी बोलणं हेच इथलं चिलखत. तक्रारीनंतर अचानक गुण घसरले, शिक्षा वाढल्या, तर तारखाच बोलतात. अमेरिकेत नागरी हक्कांची तक्रार केल्याबद्दल सूड उगवणं हाच कायद्याचा स्वतंत्र भंग मानला जातो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात पालकाने तक्रार केली म्हणून मुलाला त्रास देण्यालाही मनाई आहे. भेटीच्या शेवटी एक वाक्य शांतपणे बोलून ठेवा: 'याचा परिणाम मुलीवर होणार नाही, असं मी धरून चालतो.'

शिक्षकांनी ऐकलं नाही. आता कोणाकडे?

आधी मुख्याध्यापक, मग शाळेचं संचालक मंडळ किंवा शिक्षण विभाग. पायऱ्या गाळू नका, कारण वरचे पहिला प्रश्न तोच विचारतात. इथून पुढे 'वंशावरून भेदभाव' हे शब्द स्पष्ट वापरा. अनेक ठिकाणी ते शब्द लेखी आले की शाळेवर चौकशीची जबाबदारी येते. 'थोडं वेगळं वागवतात' म्हटलं तर येत नाही.

त्यापुढचा रस्ता देशागणिक वेगळा. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळांना लागू होतं. तक्रार शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे, घटनेपासून १८० दिवसांत. मार्च २०२५ मध्ये या खात्याचे सुमारे निम्मे कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि नागरी हक्क कार्यालयाच्या १२ पैकी ७ विभागीय शाखा बंद करायचं ठरलं, तेव्हा झटपट निकालाची आशा ठेवू नका. राज्याच्या यंत्रणेकडेही समांतर जा. मुलाची शालेय नोंद बघण्याचा हक्क १९७४ च्या कायद्याने दिला आहे, आणि शाळेने ती ४५ दिवसांत दाखवावी लागते. शिक्षेच्या नोंदी त्यातच असतात, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी करा.

ब्रिटनमध्ये समानता कायदा खासगी शाळांनाही लागू आहे; न्यायालयात जायचं तर साधारण सहा महिन्यांची मुदत. ऑस्ट्रेलियात १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा आणि मानवाधिकार आयोग. कॅनडात हा विषय प्रांतांकडे आहे. ऑन्टॅरिओत लवादाकडे अर्जाला एक वर्ष मिळतं. भारतात राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घालतं. याच कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क आयोगाकडे जाता येतं.

वकील लागेलच असं नाही. मुदत चुकू देऊ नका, एवढं सांभाळा. शाळेची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून बाहेरची मुदत आपोआप थांबते, असं समजू नका.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारावं का?

नको. ग्रुपवर विचारलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत आरोप होतो आणि सकाळपर्यंत स्क्रीनशॉट. ज्यांच्या मुलांबाबत असंच घडतंय असं वाटतं, अशा एक-दोन पालकांना प्रत्यक्ष गाठा. त्यांची नोंद त्यांनी स्वतंत्र ठेवावी, तुमची तुम्ही. तीन घरांच्या वेगवेगळ्या वह्यांत एकच गोष्ट दिसली तर तिला वजन येतं.

वर्ग किंवा शाळा बदलून टाकावी का?

मूल सकाळी पोट दुखतंय म्हणू लागलं, झोपेत दचकू लागलं, स्वतःच्या रंगाबद्दल किंवा नावाबद्दल वाईट बोलू लागलं, तर तत्त्वाची लढाई बाजूला ठेवा आणि आधी मुलाला तिथून हलवा. तक्रार नंतरही चालू ठेवता येते. यातली लक्षणं नसतील तर घाई करू नका. मित्र सुटतात, आणि 'मी गेलो, बाई राहिल्या' हा धडा मूल शिकतं. वर्ग बदलून मागताना शिक्षा म्हणून मूलच हलवलं जातंय असं दिसणार नाही याची काळजी घ्या.

माझा अंदाज चुकीचा निघाला तर?

असं होतं. कळतं की बाई सगळ्यांनाच दाराशी बसवतात, किंवा मुलाने अर्धी गोष्ट सांगितली होती. शांतपणे, प्रसंगांवर बोट ठेवून विचारलं असेल तर माघार घ्यायला काहीच अवघड नसतं: 'समजलं, धन्यवाद.' डोक्यात राख घालून गेला असाल तर माफी मागा आणि विषय संपवा. मुलाला मात्र 'खोटं बोललास' म्हणून झापू नका. पुढच्या वेळी खरंच काही घडलं तर त्याने तुमच्याकडेच यायला हवं.

माझ्या मुलाशी बाई छान वागतात, पण त्याच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी असं वागतात असं तो सांगतो. मी मध्ये पडावं का?

पडावं. त्या मुलाच्या पालकांना आधी सांगा, काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांची नोकरी, व्हिसा, भाषा यांतलं काही आड येत असेल तर ते बोलू शकत नसतील. त्यांनी हो म्हटलं तर तुमच्या मुलाने पाहिलेलं तुम्ही लिहून देऊ शकता. शाळेच्या दृष्टीने अशी साक्ष फार मोलाची असते, कारण तिच्यात तुमचा काही फायदा नसतो.